जो अपघात झाला नाहीं त्याचा दोष

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," असें म्हणण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. कोणी विहिरींत पडतां पडतां वांचला, कोणाच्या पायाखालून साप निघून गेला, कीं शेजारीपाजारी जमतात, ही म्हण उच्चारतात, आणि मग चहाचें आधण ठेविलें जातें. या म्हणीविरुद्ध माझी कांहीं तक्रार नव्हती. परंतु गेल्या हिंवाळ्यांत ती मला माझ्याच संबंधानें ऐकावी लागली, आणि तेव्हांपासून ती मला बोचत आहे.

हकीकत अशी. तालुक्याच्या गांवाहून मी मोटारसायकलवर घरीं येत होतों. दिवस मावळला नव्हता. सडक सरळ व मोकळी. दोहों बाजूंस ऊंस उभा. सदऱ्याच्या खिशांतील फोन वाजूं लागला. घरून असावा असें वाटलें. एक हात सोडून मीं तो बाहेर काढिला आणि त्यावरील नांव वाचलें. नांव वाचण्यास असा कितीसा वेळ लागतो? नजर वर केली तों पुढच्या चाकापासून पांचसहा हातांवर दहाबारा वर्षांची एक मुलगी डोक्यावर घागर घेऊन सडकेच्या कडेनें चालली होती. गाडी कशी वळली तें मला सांगतां येत नाहीं. माझी मूठ तिच्या परकराला चाटून गेली असावी. पन्नास पावलांवर थांबून मीं मागें पाहिलें. घागरींतलें पाणी थोडें हिंदकळलें होतें. मुलगी त्याच चालीनें चालत होती; तिनें मान वर करून पाहिलें सुद्धां नाहीं. फोन कशासाठीं होता म्हणाल, तर येतांना साखर आणावी म्हणून.

घरीं आल्यावर ही गोष्ट मीं ओट्यावर बसून सांगितली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं ती म्हण म्हटली, आणि सर्वांनीं माना डोलाविल्या. पुढच्या रविवारीं मंडळींत माझा जीव वांचल्याबद्दल आभाराची प्रार्थनाहि झाली. आभार मानणें योग्यच होतें. त्याविषयीं वाद नाहीं. पण डोळे मिटून उभा असतां माझ्या मनांत दोन गोष्टी आल्या. एक ही कीं, आभार माझ्या जिवाबद्दल मानले जात होते. जिचा जीव जावयाचा होता त्या मुलीचें नांव कोणी घेतलें नाहीं, कारण तें मलाच ठाऊक नव्हतें. दुसरी ही कीं, काळ आला होता हें खरें, परंतु त्याला आणिलें कोणीं? तो आपल्या पायांनीं आला नव्हता. तो माझ्या मोटारसायकलवर बसून आला होता.

तेव्हां प्रश्न असा आहे: ज्या निष्काळजीपणापासून कोणासहि इजा झाली नाहीं, त्याचा दोष करणाऱ्याकडे राहतो कीं नाहीं? कित्येकांस हा रिकामा वाद वाटेल. कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं, मग अपराध कसला, असें आमच्या गांवच्या एका शहाण्या गृहस्थांनीं मला विचारिलेंच. परंतु आपल्या सडकांवरून दररोज शेंकडों माणसें एका हातानें गाडी व दुसऱ्या हातानें फोन धरून जातात. कोणी फोन कानाच्या व खांद्याच्या बेचक्यांत दाबून धरितो, कोणी डोक्याच्या रुमालांत खोंवितो; आणि बहुतेक सर्व सुखरूप घरीं पोहोंचतात. सुखरूप पोहोंचणें हाच जर निर्दोषपणाचा पुरावा असेल, तर त्यांच्यांत दोषी कोणीच नाहीं. आणि एखाद्या दिवशीं त्यांतील एकाच्या हातून एखादें मूल मेलें, तर तो एकटाच दोषी, व बाकीचे त्याच्या नांवानें बोटें मोडावयास मोकळे.

वाहन हांकतांना लक्ष दुसरीकडे जाणें ही गोष्ट कांहीं आजची नव्हे. आपल्या आजोबांच्या काळीं बाजाराहून परतणारा गाडीवान गाडींत आडवा होऊन झोंपीं जात असे, आणि पहांटे बैल त्याला दारांत आणून उभा करीत. त्याला कोणी बेजबाबदार म्हटलें नाहीं, आणि तें बरोबरच होतें. बैलगाडींत लक्ष देणारे तिघे असत: एक गाडीवान आणि दोन बैल. गाडीवान झोंपला तरी बैल खड्ड्यांत उतरत नसत, आणि वाटेंत मूल बसलेलें असेल तर आपोआप थबकत. मोटारीच्या यंत्रांत शंभर घोड्यांचें बळ असतें असें म्हणतात. पण त्या शंभरांत एकाहि घोड्याला डोळे नाहींत. पुढचा अडथळा ओळखून आपण होऊन ब्रेक लावणारीं यंत्रें अलीकडे कांहीं महाग मोटारींत बसविलेलीं असतात. आपल्या गांवच्या मोटारसायकलींत व ट्रॅक्टरांत तीं नाहींत. तेथें लक्ष देणारा एकच, आणि तो फोनवरचें नांव वाचीत असला तर कोणीच नाहीं.

शिवाय वेगाचा हिशेब पाहा. बैलगाडी तीन सेकंदांत फार तर सहासात हात पुढें जाते. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारी मोटारसायकल तेवढ्याच वेळांत बेचाळीस मीटर, म्हणजे सुमारें नव्वद हात जाते. अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत असें दिसून आलें कीं, फोनवर संदेश लिहिणाऱ्या मालमोटारचालकांची नजर सहा सेकंदांपैकीं साडेचार सेकंदांहून अधिक वेळ रस्त्यावर नव्हती. ताशीं पन्नासच्या वेगानेंहि एवढ्या वेळांत साठांहून अधिक मीटर वाट मागें पडते. एवढी वाट डोळे बांधून धांवण्यास कोणी सांगितलें तर आपण त्यास वेडा म्हणूं.

मोटारीच्या इतिहासाचा आरंभच या दोषाच्या संशयानें झाला आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसेल. ता. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनांत क्रिस्टल पॅलेस या ठिकाणीं ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक बाई आपल्या मुलीसह पायीं चालली असतां प्रदर्शनांतील एका मोटारीखालीं सांपडून मरण पावली. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीखालीं पादचारी मेल्याची ब्रिटनमधील ही पहिली नोंद होय. त्या मोटारीचा वेग ताशीं चार मैल, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढाच होता, असें चालकानें सांगितलें. इतर साक्षीदारांनीं निराळें सांगितलें. चालक शेजारीं बसलेल्या तरुणीशीं बोलण्यांत गुंतला होता असाहि आरोप झाला. ज्यूरीनें अपघाती मृत्यूचा निकाल दिला व खटला झाला नाहीं. अशी गोष्ट पुन्हां कधीं घडूं नये, अशी इच्छा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें प्रकट केल्याचें सांगतात. बिचाऱ्यास पुढें काय काय घडणार याची कल्पना कोठून असणार!

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. तो पश्चिमेकडील तत्त्ववेत्त्यांनीं फार बारकाईनें चर्चिला आहे. ॲडम स्मिथ यानें १७५९ सालीं लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथांत एक उदाहरण घेतलें आहे. एक मनुष्य आवाराच्या भिंतीवरून पलीकडच्या रहदारीच्या रस्त्यांत मोठा धोंडा फेंकतो. कोणास ओरडून सावध करीत नाहीं, तो कोठें पडेल इकडे पाहत नाहीं. धोंडा कोणास लागला नाहीं तरी हा मनुष्य शिक्षेस पात्र आहे असें स्मिथ म्हणतो. कारण, पलीकडच्या माणसांना त्यानें कस्पटासमान मानिलें, हें त्याचें कृत्य पुरें होऊन चुकलें आहे.

यापेक्षांहि माझ्या मनावर अधिक ठसलें तें विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचें उदाहरण. तें १८७७ सालच्या एका निबंधांत आहे. हा गृहस्थ आपल्या धर्माचा मित्र नव्हता, आणि त्याच्या निबंधाचा रोखहि आपल्यासारख्यांवर होता. तरी खरें तें कोणीहि सांगो, तें खरेंच. एका जहाजाचा मालक होता. जहाज जुनें, अनेकदां डागडुजी केलेलें. परदेशीं वस्तीस जाणारीं कुटुंबें त्यांत बसावयाचीं होतीं. तें समुद्रांत टिकेल कीं नाहीं अशी शंका मालकाच्या मनांत आली. पण तपासणीस खर्च येणार म्हणून त्यानें ती शंका हळूहळू दाबून टाकिली. आजवर इतक्या सफरी झाल्या, हीहि होईल, असें त्यानें स्वतःस समजाविलें, आणि निश्चिंत मनानें जहाज हांकारिलें. तें बुडालें, माणसें मेलीं, व मालकानें विम्याचे पैसे घेतले. येथपर्यंत त्याचा दोष कोणीहि कबूल करील. पुढें क्लिफर्ड विचारितो: समजा, तें जहाज बुडालें नाहीं, ती सफर आणि पुढच्याहि कित्येक सफरी सुखरूप झाल्या, तर मालकाचा दोष तिळमात्र कमी होतो काय? त्याचें उत्तर आहे, नाहीं. कृत्य ज्या क्षणीं केलें त्याच क्षणीं तें बरें किंवा वाईट ठरलें. मागाहून वारा कसा वाहिला यावर तें अवलंबून नाहीं. मालक निर्दोष ठरला नसता. तो फक्त उघडकीस आला नसता.

"आजवर इतक्या सफरी झाल्या, हीहि होईल." फोन खिशांतून काढितांना माझ्या मनांत हेंच होतें. शब्द नव्हते, पण अर्थ हाच.

जुन्या करारांतील नियमशास्त्र ज्यांच्या परिचयाचें आहे त्यांस हा विचार नवा वाटूं नये. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, ती कोणी वरून पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊं नये म्हणून. दख्खनांत धाब्याच्या घरांत वाढलेल्या माणसांस ती आज्ञा समजावून सांगावी लागत नाहीं. उन्हाळ्यांत मुलें माळवदावर निजतात तेव्हां ती आपोआप समजते. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, कठडा कोणी पडण्यापूर्वीं बांधावयाचा आहे. न बांधणारा पहिल्या दिवसापासूनच आज्ञा मोडीत असतो, मग त्या घरांतून पुढें पन्नास वर्षें कोणी पडो अगर न पडो.

परंतु येथें एक आक्षेप येतो, व तो हलका नाहीं. जर दोष सारखाच, तर ज्याच्या हातून मूल मेलें तो आणि मी, असे आम्ही दोघे एकाच मापाचे काय? सरकारचा कायदा तर तसें मानीत नाहीं. निष्काळजीपणानें वाहन हांकून लोकांचा जीव धोक्यांत घालणारास भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमानें फार तर सहा महिन्यांची कैद आहे. त्याच निष्काळजीपणानें कोणी मेला तर १०६ व्या कलमानें ती पांच वर्षांपर्यंत जाते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आली. तिच्या पूर्वींच्या दंड संहितेंत १८७० सालीं घातलेलें ३०४-अ हें कलम होतें, त्यांत ही मुदत दोन वर्षांची होती. कृत्य तेंच, नजर तितकाच वेळ ढळलेली, आणि शिक्षेंत दहापटीचें अंतर. हें अंतर कोणीं पाडलें? एक घागर घेतलेली मुलगी दोन पावलें अलीकडे होती कीं पलीकडे, एवढ्यानेंच.

१९७६ सालीं बर्नर्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोघां तत्त्ववेत्त्यांनीं याच कोड्यास नैतिक नशीब असें नांव देऊन त्यावर निबंध लिहिले. त्यांचा सर्व वाद येथें मांडीत नाहीं. मला स्वतःला असें वाटतें कीं, दोष व ओझें या दोन वस्तु निराळ्या आहेत. ज्याच्या हातून मूल मेलें त्याचें ओझें माझ्याहून शतपट जड आहे. रात्रीं त्याला झोंप लागत नाहीं, त्या घरासमोरून त्याला जाववत नाहीं, व मुलाच्या आईबापांपुढें त्याला उभें राहावें लागतें. हें ओझें खरें आहे, आणि तें त्याचेंच आहे. पण दोष जो, म्हणजे दुसऱ्याच्या जिवापेक्षां साखरेचा निरोप मोठा मानणें, तो आम्हां दोघांचा सारखा आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. आपल्या मंडळींत असा एखादा दुर्दैवी चालक असेल तर त्याच्याकडे वरून पाहण्याचा हक्क आपल्यांपैकीं फार थोड्यांस आहे. आणि ज्यांच्या हातून अजून कांहीं घडलें नाहीं त्यांनीं पश्चात्तापाचें काम त्याच्या एकट्यावर टाकूं नये.

कायद्यानेंहि हें अगदींच ओळखिलेलें नाहीं असें नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमांत २०१९ च्या दुरुस्तीनें, वाहन चालवितांना फोन हातांत धरून वापरणें हें धोकादायक हांकण्यांत स्पष्ट नांवानें घातलें आहे. पहिल्या अपराधास एक हजार ते पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अगर दोन्हीही, अशी तरतूद आहे. येथें कोणी मरावा लागत नाहीं. ढळलेली नजर हाच अपराध. २०२५ च्या मार्च महिन्यांत दादरहून पुण्याच्या स्वारगेटास जाणाऱ्या शिवनेरी बसचा चालक बस चालवीत असतां फोनवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशानें त्याचें चित्रण करून परिवहनमंत्र्यांस पाठविलें, आणि त्या चालकाची नोकरी गेली. बस सुखरूप पोहोंचली होती. एकाहि प्रवाशास खरचटलें नव्हतें. पुष्कळांस ही शिक्षा कठोर वाटली असेल. मला ती न्याय्य वाटते. मात्र ती वाचतांना मान खालीं गेली, कारण माझें चित्रण करणारा मागें कोणी बसला नव्हता.

"आम्हांस संवय आहे, बोलतांनाहि आमचे डोळे रस्त्यावरच असतात," असें म्हणणारे तरुण आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांतले कित्येक खरोखर कुशल आहेत, आणि ते खोटें बोलत नाहींत. पण डोळे रस्त्यावर असणें व रस्ता दिसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. हार्वर्ड विद्यापीठांत सायमन्स व शाब्री या दोघांनीं एक प्रयोग केला. तो १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं लोक चेंडू एकमेकांकडे टाकीत आहेत असा चित्रपट त्यांनीं लोकांस दाखविला व चेंडू किती वेळां टाकिला तें मोजावयास सांगितलें. मध्येंच गोरिला वानराचें सोंग घेतलेलें एक माणूस त्या खेळणाऱ्यांच्या मधून सावकाश चालत गेलें. पाहणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांना तें दिसलेंच नाहीं! डोळे उघडे होते, चित्र समोर होतें. पण मन मोजण्यांत होतें. कॅनडांत टोरोंटो येथें रेडेलमायर व टिब्शिरानी यांनीं फोन असलेल्या ६९९ चालकांच्या अपघातांचा अभ्यास करून १९९७ सालीं दाखविलें कीं, फोनवर बोलत असतां अपघाताचा धोका सुमारें चौपट होतो. आणि फोन हातांत न धरतां बोलल्यानें तो कमी होत असल्याचें त्यांस आढळलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनाहि आज हेंच सांगते. यास्तव कानांत यंत्र घालून बोलणाऱ्यानें, आपले दोन्ही हात मोकळे आहेत, एवढ्यावर विसंबूं नये. हात मोकळे आहेत, पण मन बांधलेलें आहे.

मग शेजारीं बसलेल्या माणसाशींहि बोलूं नये काय, असें कोणी विचारील. क्रिस्टल पॅलेसची गोष्ट वर आलीच आहे, तेव्हां तेंहि बेतानेंच. परंतु फरक आहे, आणि तो विचार करण्यासारखा आहे. शेजारीं बसलेल्यास सडक दिसते. पुढें ट्रॉली आडवी आली कीं तो वाक्य अर्ध्यावर सोडितो, किंवा "अरे, जपून!" असें ओरडतो. फोनवरच्यास कांहींच दिसत नाहीं. तो बोलतच राहतो. म्हणून, समोरचा गाडीवर आहे हें ठाऊक असून जो बोलणें लांबवितो, तो त्या धोंड्यास एक हात लावितोच. आपल्या घरांतून दर दहा मिनिटांनीं "कोठवर आलास?" म्हणून फोन करण्याची जी प्रेमळ रीत पडली आहे, तिच्याविषयीं आईबापांनीं व बायकांनीं एकदां शांतपणें विचार करावा. "गाडीवर आहेस काय? मग ठेव," हे पांच शब्द पुष्कळ काळज्यांपेक्षां अधिक उपयोगी आहेत.

फोन हांकणाऱ्याच्या हातांत असतां काय होऊं शकतें याचीं दोनच उदाहरणें देतों. अमेरिकेंत लॉस एंजलिसजवळ चॅट्सवर्थ येथें ता. १२ सप्टेंबर २००८ रोजीं एक उतारूंची आगगाडी लाल सिग्नल ओलांडून पुढें गेली व मालगाडीवर आदळली. २५ माणसें मेलीं. त्यांत तो चालकहि होता. सरकारी चौकशींत निघालें कीं, आगगाड्यांचा नाद असलेल्या कांहीं तरुणांशीं तो फोनवर संदेशांची देवघेव करीत होता, आणि त्याचा शेवटचा संदेश टक्कर होण्यापूर्वीं २२ सेकंद सुटला होता. हा मनुष्य शिकलेला, परवाना असलेला, पगारी चालक होता. दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें. उत्तर प्रदेशांत कुशीनगर जिल्ह्यांत ता. २६ एप्रिल २०१८ रोजीं सकाळीं शाळेचीं मुलें नेणारी एक गाडी विनारखवालीच्या फाटकावर आगगाडीखालीं सांपडली, आणि १३ मुलें ठार झालीं. चालकाच्या कानांत इअरफोन होते असें प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यांत आलें. मोठ्या रुळांच्या मार्गांवरील तसलीं फाटकें भारतीय रेल्वेनें २०१९ च्या जानेवारीपर्यंत काढून टाकिलीं. इअरफोन मात्र वाढले आहेत. ऊंसाच्या हंगामांत दोन दोन ट्रॉल्या जोडून मोठ्यानें गाणीं लावून जाणारे ट्रॅक्टर आपण रोज पाहतों. मागून कोणी कितीहि भोंगा वाजवो, त्या चालकास तो ऐकूं जात नाहीं. इअरफोन नसला तरी कान झांकलेलेच.

एकंदर हानीचा आंकडा हवा असेल तर तोहि देतों. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसें मेलीं. मेलेल्यांत शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं, आणि दोन तृतीयांश मृत्यु शहरांत नव्हे, तर ग्रामीण भागांत झाले. यांतील किती फोनमुळें, हें नक्की सांगणें कठीण. पंचनाम्यांत बहुधा अतिवेग हें कारण लिहिलें जातें. मेल्यावर माणसाची नजर शेवटीं कोठें होती हें कोण सांगणार?

मीं स्वतः काय केलें, तें सांगून आटोपतों. फोन आतां सदऱ्याच्या खिशांत ठेवीत नाहीं. पिशवींत घालून ती मागें बांधितों. निकडीचें असेल असें वाटलें तर गाडी सडकेखालीं घेऊन, उभी करून पाहतों. दोघातिघांनीं राग धरिला आहे. एका प्रसंगीं खरोखर निकडीचा निरोप अर्धा तास उशिरां मिळाला, आणि त्याबद्दल मला बोलणेंहि खावें लागलें. तें मीं खाल्लें.

परंतु एवढ्यानें मन स्वस्थ होईना. ज्याचा अपराध केला त्यास सांगावें असें आपण इतरांस शिकवितों. चौकशी करून मीं त्या मुलीचें घर शोधून काढिलें. बाप शेतमजूर. तो अंगणांत दोरी वळीत बसला होता. मीं सर्व हकीकत जशीच्या तशी सांगितली. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग हंसून म्हणाला, "त्यांत काय झालं, दादा? काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." त्यानें बायकोस हांक मारून चहा ठेवावयास सांगितलें. चहा होईपर्यंत पावसापाण्याचें बोलणें झालें. मग एकाएकीं त्यानें विचारिलें, "पोरगी सडकेच्या कोणत्या अंगाला होती म्हणालात?" मीं म्हटलें, "डावीकडे. ऊंसाला अगदीं लागून होती." तो पुन्हां कांहीं बोलला नाहीं. दोरी वळण्याचें काम मात्र त्यानें बाजूला ठेविलें.

त्यानंतर त्या सडकेवर ती मुलगी मला दिसली नाहीं. गांवांत विचारतां कळलें कीं, बापानें तिला सडकेनें जाण्यास मना केलें आहे. आतां ती ओढ्याकडच्या वाटेनें पाणी आणते. ती वाट दुपटीनें लांब आहे, आणि चढाची आहे.